आजोबांच्या डब्यातली नाणी घासावीत का?

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे. आजोबांच्या पश्चात पत्र्याच्या डब्यात बऱ्याच शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी), व्हिक्टोरिया राणीचे राणीछाप रुपये, करड्या रंगाची काही जड, ओबडधोबड नाणी आणि आजीच्या माळेतल्या कडी लावलेल्या सोन्याच्या पुतळ्या सापडल्या. एका व्यापाऱ्याने सांगितले, उजळून आणा, भाव चांगला देतो. नाहीतर माझ्याकडे सोडा, मीच नव्यासारखी करून देतो. तर नाणी साफ करावीत का, केली तर कशी, आणि साफ केलेले नाणे तसे न सांगता विकणे ही फसवणूक होते का.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात मला काडीचीही शंका नाही. हो, फसवणूकच होते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे धातूप्रमाणे आणि नाण्याप्रमाणे बदलतात, त्यामुळे ती सविस्तर लिहावी लागतील. तोवर एवढेच करा: लिंबू-मीठ, चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर यांपैकी काहीही त्या डब्याजवळ नेऊ नका. देव्हाऱ्यातला तांब्या दर सणाला घासला तरी चालतो, कारण त्याच्याकडून आपल्याला पाणी धरण्यापलीकडे काही नको असते. नाण्याकडून आपल्याला माहिती हवी असते, आणि ती सगळी वरच्या अगदी पातळ थरात असते.

तांब्यापासून सुरुवात करू, कारण शिवराया तांब्याच्या आहेत. तांब्यावर हवेने आधी लालसर-तपकिरी क्युप्राइटचा थर येतो. नाणे जमिनीत राहिले तर त्यावर हिरवा मॅलाकाइट चढतो, क्वचित निळा अझुराइटही. लोक याला सरसकट घाण किंवा गंज म्हणतात. पण ही बाहेरून येऊन बसलेली धूळ नव्हे. हा थर नाण्याच्याच तांब्यातून तयार झालेला असतो. जुन्या, जमिनीत राहिलेल्या नाण्यात तर असे होते की अक्षराची मूळ कड धातूत उरलेलीच नसते, ती फक्त या थरात टिकलेली असते. आम्लात बुडवून तुम्ही हिरवा रंग काढता तेव्हा अक्षर उघडे पडेल अशी आशा असते, आणि प्रत्यक्षात अक्षरच वाहून जाते. खाली उरतो गुलाबीसर, खरबरीत, उघडा पडलेला तांब्याचा तुकडा. तो पुन्हा काळा पडतो, तोही डागाडागांनी.

शिवराईच्या बाबतीत हे नुकसान आणखी मोठे आहे. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ हा मजकूर शिवाजी महाराजांनंतरही फार काळ चालू राहिला. पेशवाईत तो होता आणि एकोणिसाव्या शतकातही ही नाणी बाजारात फिरत होती. बहुतेक नाण्यांवर साल नाही. मग एखादी शिवराई कुठल्या काळातली हे ठरवायचे कशावरून? अक्षरांच्या वळणावरून, ऱ्हस्व-दीर्घावरून, कडेच्या टिंबांच्या वर्तुळावरून, दुदांडी प्रकारातल्या आडव्या दोन रेघांवरून आणि वजनावरून. ही नाणी हाताने ठोकलेली. ठशापेक्षा तांब्याची चकती लहान असायची, त्यामुळे कडेची टिंबे बहुतेक वेळा अर्धीमुर्धीच उमटलेली असतात. घासताना सगळ्यात आधी जाते ते हेच अर्धेमुर्धे. मधली अक्षरे ठसठशीत राहतात, मालक खूश होतो, आणि ज्या खुणांवरून काळ ठरला असता त्या गेलेल्या असतात.

घाण आणि पुरावा यांतला फरक वरवर बघून कळत नाही, याचे आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण जोगळटेंभीचे आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या या गावी चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा. सगळी क्षहरात घराण्यातल्या नहपान या क्षत्रपाची, म्हणजे शक शासकाची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर सातवाहनांचा तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह (क्रुसाच्या चार टोकांना वर्तुळे), आणि त्या खालून डोकावणारे नहपानाचे नाक, केस, बिघडलेल्या ग्रीक अक्षरांचे तुकडे. सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिच्या नाशिकच्या लेखात आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निखालस संपवल्याचे सांगितले आहे. तो दावा हातात धरून बघता येतो तो या नाण्यांमुळे. आता असे एक नाणे एखाद्या हौशी माणसाच्या हाती पडले असते आणि ‘ठसा नीट दिसत नाही, मधेमधे काहीतरी वेडेवाकडे आहे’ म्हणून त्याने ते गुळगुळीत करून घेतले असते, तर? सातकर्णीचा ठसा छान उठून दिसला असता. खालचा नहपान पुसला गेला असता आणि त्याबरोबर त्या नाण्याचे सगळे महत्त्व. म्हणून ‘हे काहीतरी वेडेवाकडे’ आहे असे वाटेल तिथे हात मागे घ्या. ते काय आहे हे कळेपर्यंत ते नाण्याचा भाग आहे असेच धरून चाला.

साठा जमिनीतून निघाला असेल तर गोष्ट आणखी नाजूक होते. मडक्यात पुरताना नाणी पुष्कळदा फडक्यात बांधलेली असत. फडके कुजते, पण त्याच्या विणीचा ठसा धातूच्या क्षारात उमटून राहतो. एकमेकांना चिकटलेली नाणी कोणत्या क्रमाने भरली गेली हेही त्या गठ्ठ्यातूनच कळते. शेतकऱ्याच्या किंवा सोनाराच्या घरी बादलीभर आम्लात हा गठ्ठा सुटा केला की ते सगळे तासाभरात संपते. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. बरेच लोक या कायद्याकडे केवळ सरकारी जाच म्हणून बघतात. मला त्याचा उपयोग वेगळा वाटतो: कळवण्याआधी कुणी धुऊ नये, वाटू नये, वितळवू नये, एवढे जरी त्याने साधले तरी पुष्कळ झाले.

पण ‘नाण्याला कधीच काही करू नये’ असे म्हणणाऱ्या संग्राहकांशीही मी सहमत नाही. मातीने झाकलेले नाणे वाचता येत नाही, आणि न वाचलेले नाणे इतिहासाला काही सांगत नाही. संग्रहालयांतली उत्खननातली जवळजवळ प्रत्येक वाचनीय चांदी-तांब्याचे नाणे कुणी ना कुणी साफ केलेले आहे. प्रश्न किती आणि कशाने, हा आहे. जाणकार माणूस सूक्ष्मदर्शकाखाली बसतो, माती ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याने मऊ करतो, बांबूच्या टोकाने किंवा काट्याने कणाकणाने उचलतो, आणि मूळ पृष्ठभागाचा थर लागला की थांबतो. धातूपेक्षा मऊ हत्यार वापरायचे हा त्यातला पहिला नियम. थांबायचे कुठे हे कळणे ही त्यातली खरी विद्या. एका नाण्याला कित्येक तास लागतात, म्हणून बाजारात कुणी तसे करत नाही.

काही वेळा मात्र काहीच न करणे हाच अपराध ठरतो. तुमच्या शिवरायांवर कुठे फिकट हिरवी, पिठासारखी, नखाने उडणारी पूड दिसते का ते बघा. गडद हिरवा, टणक, गुळगुळीत थर स्थिर असतो. त्याला हात लावायचे कारण नाही. फिकट हिरवी पूड म्हणजे क्लोराइडमुळे लागलेली कीड. नाण्याच्या आत क्युप्रस क्लोराइड असते, हवेतला ओलावा आणि प्राणवायू मिळाला की त्यातून आम्ल सुटते, ते आम्ल आणखी तांबे खाते, आणि चक्र चालू राहते. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात असे नाणे खड्डे पडून वाया जाते. पहिला उपाय रसायनाचा नाही, कोरड्या हवेचा आहे: घट्ट झाकणाचा डबा, भरपूर सिलिका जेल, सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली. तेवढ्यानेही बहुतेक वेळा कीड थांबते, आणि नाण्याचे काहीच बदलत नाही. ते पुरले नाही तर सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या द्रावणात महिनोन्‌महिने ठेवून क्लोराइड काढण्याची पद्धत आहे, पण तिने हिरव्या थराचा रंग आणि घडण बदलू शकते. बेन्झोट्रायाझोलचा अल्कोहोलमधला उपचार १९६७ पासून धातुसंवर्धनात रूढ आहे. तो पृष्ठभागावर संरक्षक थर बसवतो, पण ते रसायन विषारी मानून हातमोजे घालूनच हाताळायचे असते, घरच्या स्वयंपाकघरात मुळीच नाही. म्हणजे इथेही किंमत मोजावी लागतेच. फरक एवढाच की ती नाणे वाचवण्यासाठी मोजलेली असते.

करड्या, जड नाण्यांबद्दल. ती शिशाची असण्याची शक्यता मोठी आहे. सातवाहनांनी शिशाची नाणी पुष्कळ पाडली. शिशाचे शत्रू वेगळे आहेत. लाकडी कपाटातून, खणांतून, पुठ्ठ्यातून सुटणाऱ्या ॲसिटिक आम्लाच्या वाफांनी शिशावर पांढरी पूड धरते आणि नाणे आतून भुसभुशीत होते. सुंदर सागवानी कपाटात, मखमलीवर मांडलेली शिशाची नाणी मी अशी संपलेली पाहिली आहेत. ऊर्ध्वपातित पाणी तांब्या-चांदीला चालते, शिशाला नाही. फार शुद्ध पाणी शिसे विरघळवते. तेव्हा ही नाणी धुऊ नका, भिजवू नका, लाकडापासून दूर, कोरड्या ठिकाणी ठेवा. पांढरी पूड असेल तर ती विषारी आहे, फुंकून उडवू नका, हातमोज्यांशिवाय धरू नका, आणि मुलांच्या हाती तर अजिबात देऊ नका.

आता राणीछाप रुपये. बाजारातला मोह सगळ्यात जास्त इथेच आहे. हे रुपये ९१.७ टक्के चांदीचे, ११.६६ ग्रॅमचे. हवेतल्या गंधकाने चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर येतो: आधी सोनेरी, मग तांबूस, निळसर, शेवटी काळा. सावकाश, एकसारखा आलेला थर खालच्या पृष्ठभागाला धक्का न लागता वर्षे गेल्याची खूण असतो, आणि जाणकार संग्राहक त्याला जास्त पैसे देतो. टाकसाळीतून निघालेल्या रुपयाची जी झळाळी असते, फिरवला की प्रकाशाचा पंखा फिरल्यासारखा दिसतो, ती दाबाखाली धातू वाहताना उमटलेल्या अतिसूक्ष्म रेषांची असते. बाजारात मिळणारी ‘डिप’ची बाटली, म्हणजे आम्ल घातलेला थायोयुरिया, काळेपणाबरोबर या रेषाही खाते. दोन-तीनदा बुडवले की नाणे पांढरे होते, पण निर्जीव पांढरे. ॲल्युमिनियमची पत्री आणि धुण्याचा सोडा वापरण्याची युक्ती हल्ली खूप सांगितली जाते. तीही सल्फाइडची चांदी करते खरी, पण ती पुन्हा मूळ जागी गुळगुळीत बसत नाही. घासण्याबद्दल तर बोलायलाच नको. पावडरीचा प्रत्येक कण केसासारखी रेघ पाडतो, आणि ती रेघ कायमची.

१८६२ सालचे राणीछाप रुपये तुमच्या डब्यात असतील तर विशेष जपा. १८६२ हे साल घालून रुपये पुढे १८७४ पर्यंत पाडले जात होते, आणि सालाजवळच्या बारीक टिंबांवरून मुंबई टाकसाळीतल्या रुपयांचे प्रकार वेगळे काढले जातात. काही प्रकार सामान्य, काही दुर्मीळ. ते टिंब सुईच्या टोकाएवढे असते.

चांदीवरून काय काढता येते? जुन्या मऊ प्लास्टिकच्या पाकिटांतून, म्हणजे पीव्हीसीतून, सुटलेला हिरवट चिकट लेप, तेलकटपणा, चिकटपट्टीचा डिंक. त्यासाठी शुद्ध ॲसिटोन, काचेच्या भांड्यात, हवेशीर जागी, आगीपासून दूर. ॲसिटोन धातूला खात नाही. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात तेल आणि सुवास मिसळलेले असतात. बुडवायचे, न घासता काढायचे, ताज्या ॲसिटोनने खळखळून वाळू द्यायचे. खोबरेल तेल चोळून तांब्याची नाणी ‘तुकतुकीत’ करण्याची रीत गावोगावच्या बाजारात आहे. तेलातली मेदाम्ले तांब्याशी संयोग पावून पुढे हिरवा मेणचट थर धरतात. ते टाळा.

व्यापाऱ्याच्या ‘नव्यासारखी करून देतो’ या वाक्याकडे आता येतो. साफसफाईपुढची ही पायरी आहे आणि माझा खरा राग इथे आहे. झिजलेल्या शिवराईवरचे अक्षर सुईने खोदून पुन्हा उठवतात. भोक बुजवतात. चांदीच्या रुपयावरच्या सराफांच्या तपासणीच्या खुणा भरून काढतात, जणू नाणे कधी कुठल्या पेढीवर गेलेच नव्हते. घासून लाल झालेल्या तांब्याला गंधकाचे रसायन लावून एका रात्रीत शंभर वर्षांचा रंग देतात. दहापट भिंगाखाली हे बहुधा पकडता येते: ठोकलेल्या अक्षराच्या कडा उतरत्या असतात, कोरलेल्या अक्षराच्या बुडाशी चर दिसतो आणि कडेला उचललेला धातू. पण छायाचित्रावरून विकत घेणाऱ्याला ते दिसत नाही. शिवाय नुकसान फक्त त्या एका खरेदीदाराचे होत नाही. कुणी कारागीर पुसट ‘छत्रपति’ कोरताना वेलांटी चुकवतो, ते नाणे छायाचित्रासह कुठल्या यादीत जाते, आणि शिवराईचा एक नवाच ‘प्रकार’ अभ्यासात शिरतो. तो बाहेर काढायला पुढच्या माणसांची वर्षे जातात. कागदोपत्री आधार थोडा असलेल्या काळाच्या अभ्यासात हे मी अक्षम्य मानतो.

पुतळ्यांची कडीही काढू नका. पुतळी मुळात व्हेनिसची डकॅट, एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला डोज, म्हणजे व्हेनिसचा राज्यप्रमुख. समुद्रमार्गे आलेले हे सोने आपल्याकडे बायकांच्या गळ्यात गेले, आणि नंतर तशाच पुतळ्या इथेही घडल्या. कडीचा डाग, म्हणजे जोडाची झाळ, काढून, कड घासून, ‘मूळ डकॅट’ म्हणून विकता येते हे खरे. पण कडीसकटची पुतळी ही मराठी घरातली वस्तू आहे, कडीशिवायची पुतळी ही डागाची खूण लपवलेली डकॅट आहे. मी पहिलीच ठेवीन. सोन्याला ॲसिटोनने तेल काढण्यापलीकडे काही लागत नाही.

भावाबद्दल व्यापारी अगदीच खोटे बोलत नाही. चकचकीत नाण्याला जास्त पैसे देणारी गिऱ्हाइके आहेत. पण ती बहुधा पहिल्यांदा नाणे घेणारी असतात, आणि तो जादा पैसा त्यांना माहीत नसलेल्या गोष्टीतून येतो. तेच गिऱ्हाईक दोन वर्षांनी विकायला निघते तेव्हा त्याला कळते. एनजीसी, पीसीजीएस यांसारख्या प्रमाणन करणाऱ्या कंपन्या चुकीच्या पद्धतीने साफ केलेल्या नाण्याला ७० गुणांच्या मापावरचा अंक देत नाहीत, फक्त ‘डीटेल्स’ असा शेरा देतात. त्यांच्याशी माझा एक मतभेद आहे. कौशल्याने डिप केलेले नाणे पुष्कळदा अंक मिळवून जाते, अडाणीपणाने केलेले अडकते. म्हणजे मोजमाप कृतीचे न होता ती किती बेमालूम झाली याचे होते. शिवाय याच उद्योगात नाणी ‘संवर्धित’ करून देणाऱ्या सेवाही चालतात. काम चांगले असेलही, पण काय केले याची नोंद नाण्याबरोबर पुढच्या मालकापर्यंत जायलाच हवी, असे माझे ठाम मत आहे.

ती नोंद फार अवघड नसते. उपचाराआधी दोन्ही बाजूंची छायाचित्रे, त्यातले एक तिरप्या प्रकाशात. शतांश ग्रॅमपर्यंत वजन. काय वापरले, किती वेळ, कुणी. नंतरचे छायाचित्र आणि वजन. लेप द्यायचाच असेल तर पॅरालॉइड बी-७२ या ॲक्रिलिक रेझिनसारखा, जो ॲसिटोनने परत काढता येतो. लाखेचा किंवा नेलपॉलिशचा नाही. विकताना वर्णनात साध्या शब्दांत लिहायचे: साफ केलेले, कडी काढलेली, भोक बुजवलेले. आजोबांनीच कधी घासली असतील आणि तुम्हाला ते आठवत असेल, तर तेही.

तेव्हा तुमच्या डब्याचे असे करा. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला जे रुपये मांडता, ज्यांवर हळद-कुंकू वर्षानुवर्षे बसले आहे, ते पूजेचेच राहू द्या. ते धुवा, पुसा, तुमच्या घराचा रिवाज पाळा. ती नाणी त्यासाठीच आहेत आणि त्यात काही चूक नाही. फक्त डब्यातली बाकीची त्यांत मिसळू नका. बाकीची प्रत्येकी वेगळ्या, पीव्हीसी नसलेल्या पाकिटात ठेवा, कडेने धरून. शिसे वेगळे, फिकट हिरवी पूड असलेली तांब्याची नाणी सिलिका जेलसह वेगळी. उपचाराची खरोखर गरज असलेली नाणी निघाली तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला संवर्धन केंद्रात विचारणा करा. ओळख पटवायला नाशिकजवळ अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे.

आणि प्रमाणनासाठी किंवा चांगला भाव येईल म्हणून परदेशातल्या नातेवाइकांकडे नाणी पाठवायचा विचार मनात असेल तर तो सोडून द्या. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावशेष ठरतात आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाहीत. तुमच्या शिवराया आणि राणीछाप रुपये या मुदतीच्या पलीकडचे आहेत, आणि पुतळ्याही असू शकतात.